जडसंग्रहातला संगणक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामती-इंदापूर पट्ट्यात संगणक तसा लवकर पोचला. या शतकाच्या सुरुवातीला बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानची संगणक भरलेली बस खेड्यांतल्या शाळांपुढे येऊन उभी राहायची. पुढे शासनाच्या संगणक-शिक्षणाच्या आयसीटी योजनेतून लॅब आल्या. लवकर आलेलं लवकर जुनंही होतं. आता त्या यंत्रांचं करायचं काय, याबद्दल शिक्षकांच्या खोलीत जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

गैरसमज: डेड स्टॉकला, म्हणजे जडसंग्रहाला, हात लावला तर ऑडिटमध्ये अडकू.

या एका भीतीपायी जाड काचेचे मॉनिटर वर्षानुवर्षं खोली अडवून बसतात. खरं तर जडसंग्रह नोंदवहीतून वस्तू काढायची रीत ठरलेली आहे, तिला निर्लेखन म्हणतात. निरुपयोगी वस्तूंची यादी, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. माणूस अडकतो तो मंजुरीआधी वस्तू गेली तर. (कागदपत्रांचा कंटाळा हे खरं कारण असतं, पण ते शेऱ्यात कोण लिहील?)

गैरसमज: फॉरमॅट मारलाय, आता त्यात काही नाही.

शाळेच्या ऑफिसातल्या संगणकावर काय काय असतं ते आठवा. सरल आणि यूडायस या सरकारी पोर्टलांसाठी भरलेल्या एक्सेल शीट, मुलांचे आधार क्रमांक, जात, जन्मतारीख, शिष्यवृत्तीची बँक खाती, पालकांचे मोबाइल नंबर. क्विक फॉरमॅटने यातलं जवळपास काहीच जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी फाटते, पानं जागेवरच राहतात आणि फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर ती वाचू शकतं.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडावी, ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढावी आणि मग तिच्यावरचा प्रत्येक विभाग (पार्टिशन) फॉरमॅट करावा. तेव्हा विंडोज त्या संपूर्ण विभागावर शून्यं लिहितं. याला काही तास लागतात, लागू द्यावेत. सात वेळा पुसावं लागतं ही जुनी दंतकथा, अशा डिस्कला एकदा नीट पुसणं पुरतं. एसएसडीचं तंत्र मात्र वेगळं. ती लिहायच्या जागा आतल्या आत बदलत असते, म्हणून तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञाच वापरावी. चालूच न होणारी हार्ड डिस्क काढून तिच्या तबकड्यांना ड्रिलने भोकं पाडावीत; एसएसडीची प्रत्येक चिप फोडावी लागते. मोठं झेरॉक्स मशीन हमखास विसरलं जातं. अशा अनेक मशिनांच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या दाखल्यांच्या प्रती तिच्यात साठलेल्या असू शकतात.

गैरसमज: भंगारवाल्याला दिलं म्हणजे रिसायकल झालं.

भंगारवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम विकायची वाट त्याला ठाऊक आहे. उरलेल्याला गिऱ्हाईक नसतं. वायरी जाळून तांबं निघतं आणि जळत्या पीव्हीसीतून डायॉक्सिन. मदरबोर्डावरचं चिमूटभर सोनं आम्लात सोडवतात आणि ते आम्ल ओढ्यात जातं. जाड मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, जुन्या प्रोजेक्टरच्या दिव्यात पारा. आपल्याकडचे ओढे शेवटी नीरा-भीमेलाच मिळतात. जगात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला रीतसर जमा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची आहे.

गैरसमज: हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी, आमच्या चार संगणकांना कोण विचारतो?

यात निम्मं खरं आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ‘मोठा ग्राहक’ म्हणजे वर्षात किमान 1000 उपकरणं वापरणारा. गावची शाळा त्यात बसत नाही. पण मुलांची माहिती बाहेर फुटली तर हा आकडा कामाला येत नाही. तेव्हा माल नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावा आणि त्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासावी. चार संगणकांसाठी पुण्याहून गाडी येणार नाही हे उघड आहे, म्हणून आपल्या केंद्रशाळेखालच्या आठ-दहा शाळांनी माल एकत्र करावा. यूपीएसच्या बॅटऱ्या यात मिसळू नयेत. त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो.

गैरसमज: विंडोज 10 बंद झालं, म्हणजे संगणक गेला.

14 ऑक्टोबर 2025 ला त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, यंत्र थांबलं नाही. लिनक्स टाकून मराठी टायपिंग आणि गणिताचे खेळ यांसाठी ते आणखी काही वर्षं सहज चालतं.

माल गाडीत चढताना ‘जुने संगणक, 6 नग’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. प्रत्येक यंत्राचा सिरीयल नंबर लिहून मागा, डिस्क पुसल्याची तारीख त्याखाली टाका आणि तो कागद जडसंग्रह नोंदवहीत ही यंत्रं नोंदलेल्या पानाला टाचा.