इंजिनाच्या ठोक्यातून दुसरा अल्बम

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या 'द मीटर्स' या फंक बँडचा पहिला अल्बम 1969 मध्ये आला आणि 'लुक-का पाय पाय' या दुसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रणही त्याच वर्षी झालं. पहिल्या अल्बमच्या वेळी कुठल्याही बँडजवळ अनेक वर्षांचं साठलेलं संगीत असतं. दुसऱ्याच्या वेळी तो साठा संपलेला असतो आणि कंपनीला मात्र नवा माल लगेच हवा असतो. कित्येक बँड इथे अडखळतात. मीटर्सचा हा दुसरा अल्बम मात्र आज फंकच्या पायाभूत कामांत गणला जातो. माझ्या मते याचं कारण त्यांच्या रीतीत आहे. ते सुरांच्या साठ्यावर अवलंबून नव्हतेच. आधी ठोका सापडायचा, गाणं त्यातून उभं राहायचं. आणि ठोका त्यांना रस्त्यावरही सापडत असे.

अल्बमच्या नावाच्या गाण्याची हकीकत याला पुरावा म्हणून पुरेशी आहे. ध्वनिमुद्रणासाठी बँड अटलांटाला निघाला असताना गाडीच्या इंजिनातला पिस्टन एका ठरावीक लयीत वाजू लागला आणि त्या आवाजावर या मंडळींनी बोल धरले, असं सांगितलं जातं. शीर्षकातली अक्षरं म्हणजे तेच बोल. स्टुडिओत त्यावर चार वाद्यं चढली: आर्ट नेव्हिलचा ऑर्गन, लिओ नोसेंटेलीची गिटार, जॉर्ज पोर्टरचं बास आणि 'झिगाबू' मोडेलिस्टचे ड्रम. ऐकताना लक्षात येतं की कुणीच सतत वाजवत नाही. गिटार दोन-तीन स्वर टाकून थांबते, त्या रिकाम्या जागेत बास येतं, आणि ड्रमचा जोर जिथे अपेक्षित असतो तिथून किंचित सरकलेला असतो. बहुतेक गाण्यांत शब्द नाहीत. 'नाइन टिल फाइव्ह' नावाचं कामाच्या तासांवरचं गाणंसुद्धा नुसत्या वाद्यांवर चालतं.

यंत्र एकसुरी असतं, त्यातून संगीत कसं निघेल, असा आक्षेप साहजिक आहे. त्याचं उत्तर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मिळतं. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि टॉवेलचा माग एकसारखा ठोकत नाही. या विणीत दोन ताणे असतात, एक ताठ आणि एक सैल. तीन बाण्यांच्या टॉवेलात पहिले दोन धागे विणलेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच ठेवले जातात. तिसऱ्या धाग्याला धागे ठोकणारी मागाची फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही धागे एकदम ठोकून बसवते. त्या ठोक्यासरशी सैल ताणा दुमडून वर येतो आणि पाणी शोषणारे लूप तयार होतात. तिन्ही वेळा फणी सारखीच ठोकली असती तर साधं सपाट कापड निघालं असतं. टॉवेलचा मऊपणा ठोक्यांच्या असमानतेतून येतो आणि फंकची गंमतही तिथेच आहे: वजन कुठल्या ठोक्यावर टाकायचं आणि कुठला हलका सोडायचा. फंक गायक जेम्स ब्राऊनने ते वजन पहिल्या मात्रेवर ठेवलं. मोडेलिस्टने न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरच्या मिरवणुकींतल्या बँडांची लय घेऊन ते आणखी खेळतं केलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे पिस्टन हजारो गाड्यांत वाजतात. मग श्रेय इंजिनाला का? ते द्यायचंच नाही. हे चौघे बोर्बन स्ट्रीटवरच्या 'आयव्हनहो' क्लबात वाजवत आले होते. निर्माते ॲलन टूसां आणि मार्शल सेहॉर्न यांच्याकडे ते ली डॉर्सीसारख्या गायकांना साथही करत. एकाने ठोका धरताच दुसऱ्याने कुठे थांबायचं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. इंजिनाने नमुना दिला. तो ओळखणारा कान वर्षांच्या सोबतीने तयार झाला होता. या ठोक्यांना टिकाऊपण किती, हेही पुढे दिसलं: याच अल्बममधल्या 'ओह, कलकत्ता!'चा तुकडा घेऊन 2005 मध्ये गायिका अमेरीचं 'वन थिंग' हे गाणं बनलं आणि जगभर गाजलं.

मग मागांच्या एवढ्या आवाजात आपल्याकडे असं संगीत का झालं नाही, असा प्रश्न कुणी विचारेल. पण गाडीतला आवाज त्या चौघांना काही तास सोबत होता आणि एकमेकांशी बोलता-गाता येईल इतकाच होता. मागाच्या शेडमध्ये शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, पाळीभर तोच मारा सोसावा लागतो, आणि अशा आवाजात वर्षानुवर्षं राबणाऱ्याची श्रवणशक्ती कमी होते, हे वैद्यकीय सत्य आहे. ज्या कानांनी ठोक्यांतला फरक टिपायचा, तेच कान इथे आधी निकामी होतात. म्हणून कानात घालायचे साधे इअरप्लग, मागांची वेळच्या वेळी देखभाल आणि पाळीत मिळणारी शांत विश्रांती हे मला आरोग्याइतकेच संगीताचेही प्रश्न वाटतात.