वारसा जपायचा, पण खर्च कोणाचा?

मुंबईतील पुरातन वास्तूंची चर्चा बहुधा ‘जुने विरुद्ध नवे’ अशी रंगते. एका बाजूस वारसाप्रेमी, दुसऱ्या बाजूस बिल्डर आणि मधल्यामध्ये पावसाळ्यात छताकडे नजर लावून झोपणारा भाडेकरू. प्रत्यक्षात हा वाद सौंदर्यदृष्टीचा कमी आणि जमाखर्चाचा अधिक आहे.

त्याचे मूळ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात सापडते. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानून ते गोठविण्यात आले. घरटंचाईच्या त्या काळात हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु ते दशकानुदशके तसेच राहिले. मिळणाऱ्या भाड्यात जिन्याची डागडुजीही होईना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे आली. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. एवढा पसारा कोणत्याही मंडळाच्या आवाक्याबाहेरचाच होता.

त्यावर उतारा म्हणून विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) ही तरतूद आली. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधल्यास वाढीव चटईक्षेत्र, म्हणजेच एफएसआय, मिळतो. भाडेकरूला मालकीचे घर विनामूल्य मिळते, बिल्डर उरलेली घरे बाजारभावाने विकतो. सध्याच्या नियमावलीत भाडेकरूसाठी किमान ३०० चौरस फुटांचे क्षेत्र ठरलेले आहे. सामायिक शौचालयापुढे रांग लावणाऱ्या चाळकऱ्याला हा सौदा मोलाचा वाटला, तर त्यात नवल नाही.

१९९५ मध्ये शहराला वारसा नियमावली मिळाली. तिने वास्तूंच्या श्रेणी ठरविल्या: पहिल्या श्रेणीत जवळजवळ कोणताच बदल चालत नाही, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते. मालकाच्या नुकसानीची भरपाई म्हणून न वापरलेले चटईक्षेत्र ‘टीडीआर’ स्वरूपात अन्यत्र विकण्याची मुभा देण्यात आली. गोम नेमकी येथेच आहे. प्रशस्त आवारातील बंगल्याजवळ विकण्याजोगे क्षेत्र शिल्लक असते. दाटीवाटीने उभ्या चाळींनी मात्र शहर भागातील १.३३ ची मूळ मर्यादा बहुतेकदा केव्हाच ओलांडलेली. त्यांच्या हाती विकायला काहीच नाही. म्हणजे पाडल्यास लाभ, जपल्यास केवळ बंधन.

काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वाश्रमीचे वॉटसन हॉटेल, हे या कोंडीचे ठळक उदाहरण. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमधून आणून येथे जोडण्यात आला. ७ जुलै १८९६ रोजी तेथेच लुमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली आणि पाडावी की सावरावी यावर तज्ज्ञांमध्येच एकमत झाले नाही. याउलट १९११ मध्ये सुरू झालेले रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये नव्या दिमाखात पुन्हा उघडले. तेथे मालक एकच, गोंडलचे राजघराणे, आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षकही होता. चाळीच्या मालकाकडे यांपैकी काहीच नसते.

म्हणूनच केवळ यादी लांबविण्याने काही साधणार नाही. दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज, मालमत्ता करात सवलत आणि मूळ दर्शनी भाग राखून आतील खोल्या मोठ्या करण्याची सुलभ परवानगी यांची जोड वारसा श्रेणीला हवी. अन्यथा खोताच्या वाडीतील लाकडी सज्जांचे घर विकणाऱ्यालाच दोष देत बसणे तेवढे उरते, आणि तो दोष देणारे बहुधा त्या घरात राहत नसतात.