जिओकॅशिंग म्हणजे काय? लोणारला डबी न लपवता हा खेळ कसा खेळाल?

बीबी आणि आसपासच्या गावांतल्या अनेकांनी लोणारचं सरोवर शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. काठावर उभं राहायचं, फोटो काढायचा आणि परत फिरायचं. पण हातातल्या मोबाईलच्या मदतीने हीच जागा नीट वाचता येते. त्यासाठीचा खेळ म्हणजे जिओकॅशिंग.

खेळ नेमका काय?

कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतं. इतरांनी जीपीएसवर ती शोधायची, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यानंतर लगेचच ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपवली.

सुरुवात कशी करायची?

अ‍ॅपवर मोफत खातं उघडा. प्रत्येक ठिकाणाला शोधायला किती अवघड आणि वाट किती बिकट, असे १ ते ५ गुण असतात. आधी १ गुणाचं ठिकाण निवडा. मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण ५ मीटर चुकू शकतो. त्यामुळे जवळ पोचलात की स्क्रीन सोडा आणि आजूबाजूला बघा.

लोणारला डबी का नको?

हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळही आहे आणि भोवती प्राचीन मंदिरं आहेत. इथे खणलं किंवा दगड हलवले, तर झालेलं नुकसान भरून येत नाही. खेळाच्या नियमांतही डबी पुरायला मनाई आहे आणि जागेच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते. शिवाय बेवारस डबा दिसला तर लोक घाबरणारच.

मग पर्याय काय?

'अर्थकॅश'. यात डबी नसतेच. ठिकाणावर जाऊन भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. उदाहरणार्थ, काठावरचे बसाल्टचे थर कुठे झुकलेत? दख्खनच्या पठारावर हे थर बहुतेक आडवे दिसतात. लोणारच्या काठावर मात्र ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. उल्का आदळली तेव्हा जमीन कशी उचलली गेली, याची ती खूण.

जाण्याआधी अ‍ॅपवर नोंदी तपासा. नोंद नसली तरी हा प्रश्न घेऊन जा. ठरलेल्या वाटेनेच चाला, उजेडात परत या आणि आठवण म्हणून दगड उचलू नका.