दहावा माणूस

कोविशील्ड या कोविड लसीच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. जुलै २०२१ मध्ये मेहकर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात नऊ जण बसले होते आणि सिस्टर कुपी उघडायला तयार नव्हत्या.

"ओ बाई, मले वावरात जाचं हाये. डवरे थांबले तिकडं," एक आजोबा तिसऱ्यांदा उठले. "बसा बाबा, एक जण येऊ द्या." आशाताई गल्लीत दहावा माणूस शोधायला गेल्या होत्या.

सिस्टरचा हा स्वतःचा हट्ट नव्हता. २१ जूनपासून केंद्राने राज्यांना लस देण्याचे निकष बदलले होते. लोकसंख्या, रुग्णसंख्या, लसीकरणाचा वेग यांवर वाटप, आणि लस वाया घालवली तर त्यात कपात. केरळने मिळालेल्या ७३ लाखांवर डोसांतून ७४ लाखांवर डोस टोचले, म्हणून मे महिन्यात पंतप्रधानांनी जाहीर कौतुक केलं होतं. कुपीत थोडी लस जादा भरलेली असते; हात बसलेली परिचारिका दहाच्या जागी अकरा काढते. थेंबही वाया न घालवणं शहरातल्या केंद्रावर ठीक होतं, तिथे रांग असायची. डवरणीच्या दिवसांत चारशे उंबऱ्यांच्या गावात दहाव्या माणसासाठी नऊ जणांना ताटकळत ठेवायचं की एक डोस वाया घालवायचा, हे ठरवायला सिस्टरच्या शेजारी कोणीच नव्हतं. माझ्या मते, तो डोस वाया गेलेला परवडला असता. परतलेला माणूस पुन्हा येत नाही.

तोवर मी निळा व्हॅक्सिन कॅरियर न्याहाळत होतो. साथ नवी, पण ही पेटी जुनीच. देशात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण चालू आहे. पुण्याहून अकोला, अकोल्याहून बुलडाणा आणि तिथून मेहकर, ही वाट गोवर-पोलिओच्या लसींनी आधीच मळलेली होती. तपमान २ ते ८ अंश. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट पेटीत भरत नाहीत. टेबलावर ठेवतात, त्याला घाम फुटू देतात, मग कानाशी हलवून पाहतात. आत पाणी खळखळलं की झालं. कडक गोठलेला पॅक लावला तर लसच गोठायची, आणि गोठलेली लस टाकूनच द्यावी लागते. हे त्या सिस्टरना कोविडने शिकवलं नव्हतं. बाळांना टोचता टोचता हाताला लागलेली सवय होती.

नवं होतं ते नोंदणीचं कोविन ॲप. रेंज शाळेच्या एकाच कोपऱ्यात. एका आजींचा ओटीपी गेला चाकणला, मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा कंपनीत शिफ्टला. शेवटी आशाताईंनी आपलाच नंबर टाकला.

दहावी आली पिठाच्या गिरणीतून, दळण तिथेच ठेवून, हात पिठाने माखलेले. सिस्टरनी कुपी उघडली, तिच्यावर वेळ लिहिली, आणि आजोबांना पहिला नंबर दिला. टोचून झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं म्हटल्यावर ते पुन्हा वैतागले.

ज्या आशाताईंच्या पायांवर हे सगळं चाललं होतं, त्यांच्यासारख्या राज्यातल्या सुमारे ७० हजार जणी जूनमध्ये आठवडाभर संपावर होत्या. पदरात पडलं ते महिन्याला १,००० रुपये वाढीव मानधन आणि ५०० रुपये कोविड भत्ता. मोबाइलचा रिचार्ज मात्र ज्याचा त्याचा.

दुसऱ्या डोसचं अंतर तेव्हा ८४ दिवसांचं. आशाताई वहीत प्रत्येकापुढे तारीख मांडत होत्या. सगळ्या तारखा ऑक्टोबरातल्या, म्हणजे ऐन सोयाबीनच्या सोंगणीत. "तवा गावात कोणी सापडत नाही," त्या सिस्टरना म्हणाल्या. "पेटी घेऊन वावरातच जा लागंल, अन् मळणी यंत्रापाशी दहा जण आरामात भेटतीन."