वर्गणी दिली, खेळ कधी?

वर्गणी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गणपती असो, उरूस असो, नाहीतर वाचनालयाचं छप्पर असो, पावतीपुस्तक घरोघरी फिरतं आणि काम उभं राहतं. मराठी वाचकाला ‘प्रकाशनपूर्व सवलत’ही चांगली ठाऊक आहे. ग्रंथ छापून होण्याआधीच पैसे भरायचे आणि मग पोस्टमनची वाट पाहायची. १९७६ साली आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी तर गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते.

हीच पद्धत आता संगणकावरच्या खेळांपर्यंत, म्हणजे व्हिडिओ गेमपर्यंत पोचली आहे. तिला क्राउडफंडिंग म्हणतात, आपण लोकवर्गणी म्हणू. आपल्या घरातली कॉलेजची मुलं खाऊच्या पैशांतून अशा खेळांना वर्गणी देतात आणि पुढे दोन-दोन वर्षं ‘अजून आला नाही’ म्हणून चिडचिड करतात. ही चिडचिड टाळता येते. त्यासाठी आपण नेमकं काय विकत घेतो आणि काय घेत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत २००९ साली सुरू झालेलं ‘किकस्टार्टर’ हे या व्यवहाराचं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. खेळ करणारा चमू तिथे आपली कल्पना मांडतो, किती रक्कम हवी आणि किती दिवसांत हवी ते जाहीर करतो. मुदतीत रक्कम जमली तरच लोकांच्या खात्यातून पैसे वळते होतात, नाहीतर कुणाचा एक छदामही जात नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या चमूने २०१७ मध्ये ‘राजी’ या खेळासाठी असंच आवाहन केलं होतं. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, त्यामुळे वर्गणीही मिळाली नाही. त्या मंडळींनी नेटाने काम चालू ठेवलं आणि २०२० मध्ये खेळ आणला, ही गोष्ट वेगळी.

रक्कम जमली म्हणजे खेळ तयार झाला, असं मात्र नाही. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ‘आम्ही दुकान नाही’ असं किकस्टार्टरने २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं. दुकानात पैसे दिले की वस्तू हातात येते. इथे पैसे दिले की एक वायदा हातात येतो.

वायदा का लांबतो, याचं उत्तम उदाहरण २०१२ सालचंच आहे. टिम शेफर हे या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांच्या ‘डबल फाइन’ या कंपनीने चार लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३३ लाखांच्या वर दिले! लोकांना वाटलं, पैसा आठपट, म्हणजे काम झटपट. घडलं उलटं. पैसा वाढला तसं स्वप्नही वाढलं. चार खोल्यांचं घर बांधायला निघालेल्या माणसाने वाडा काढावा, तसं झालं. त्याच वर्षी यायचा तो ‘ब्रोकन एज’ खेळ अर्धा २०१४ च्या जानेवारीत आणि उरलेला अर्धा २०१५ च्या एप्रिलमध्ये आला.

दुसरा धोका वाढीव आश्वासनांचा. ‘इतके जास्त मिळाले तर आणखी एक पात्र देऊ, आणखी एक प्रदेश देऊ,’ असं सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या ‘टीम चेरी’ने २०१४ मध्ये ‘हॉलो नाइट’साठी वर्गणी गोळा करताना एका जादा पात्राचं आश्वासन दिलं. मूळ खेळ २०१७ मध्ये आला आणि नावाजला गेला. ते जादा पात्र मात्र वाढत वाढत स्वतंत्र खेळच झालं, आणि तो ‘सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ रोजी लोकांच्या हाती पडला. शेवट गोड झाला, पण वाट जवळजवळ अकरा वर्षांची.

प्रत्येक वेळी शेवट गोड होतोच असं नाही. कादंबरीकार नील स्टीफन्सन यांनी २०१२ मध्ये ‘क्लँग’ या तलवारबाजीच्या खेळासाठी पाच लाखांवर डॉलर जमवले. नमुना तयार झाला, पण तो खेळायला फारशी मजा येत नव्हती, हे त्यांनीच मान्य केलं. पुढचं भांडवल मिळालं नाही आणि २०१४ मध्ये काम थांबलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या हजारो वर्गणीदारांना विचारून पाहणी केली. खेळच नव्हे, सगळ्या प्रकारचे प्रकल्प धरून साधारण ९ टक्के ठिकाणी कबूल केलेलं हाती आलं नव्हतं. म्हणजे अकरांतला एक वायदा बुडीत.

मग वर्गणी द्यायचीच नाही का? अवश्य द्यावी, पण डोळे उघडे ठेवून. बुडाली तरी झोप उडणार नाही, एवढीच रक्कम द्यावी. जाहीर केलेली तारीख हा अंदाज समजावा. नुसती सुंदर चित्रं पाहून भुलू नये, खेळून पाहता येईल असा छोटा नमुना आहे का ते पाहावं. या मंडळींनी आधी एखादा खेळ पूर्ण केला आहे का, हेही पाहावं. आणि थोडं गणित करावं. पाच माणसं दोन वर्षं राबणार असतील, तर ते एकशेवीस महिन्यांचे पगार झाले. मागितलेली रक्कम त्यात बसते का? बसत नसेल, तर बाकीचा पैसा कुठून येणार, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मनात शंका असेल तर खेळ बाजारात आल्यावर सरळ विकत घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आमच्या घरात ‘अमानत’ हा शब्द फार जपून वापरत. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. घेणाऱ्याने हिशेब द्यायचा असतो, न विचारता द्यायचा असतो. काम पूर्ण होत नसेल तर पैसे कुठे खर्च झाले ते सांगावं आणि उरलेले परत करावेत, अशी अपेक्षा किकस्टार्टरच्या नियमांतही आहे. पण ते करायचं चमूने. किकस्टार्टर स्वतः पैसे परत देत नाही.

देणाऱ्यालाही एक मर्यादा आहे. वर्गणीदार हा मालक नव्हे. वीस डॉलर दिले म्हणून रोज उठून शिव्या देण्याचा परवाना मिळत नाही. उशीर आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चमू दर महिन्याला काम दाखवत असेल, अडचणी मोकळेपणाने सांगत असेल, तर तो उशीर. तोंड लपवत असेल, तर मात्र तक्रार करावी, लेखी करावी आणि जाहीर करावी. घरातल्या मुलाने उद्या अशा खेळासाठी पैसे मागितले, तर नाही म्हणण्याआधी त्याच्याबरोबर बसून ते आवाहन एकदा नीट वाचा आणि ते एकशेवीस पगारांचं गणित त्यालाच करायला सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)