खंडोबाच्या डोंगराला एक वळसा

“रविवारी सकाळी सातला पाणी येतं, मग मी कशी येणार?”

मुळगावला फिरायला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या बचत गटातल्या बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच होता. नवऱ्याला विचारणं, मुलांचं जेवणखाण हे सगळं नंतर. मला हसू आलं नाही, कारण माझं बालपण उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात गेलं. पिंप भरल्याशिवाय आई कधी उंबऱ्याबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. १९४९ मध्ये वसलेल्या या शहराला नदीचं नाव मिळालं, पण पाण्यासाठी ते आजही एमआयडीसीवर अवलंबून आहे.

शेवटी डिसेंबरातला एक रविवार गाठला. पाणी भरलं, पोळ्या लाटून ठेवल्या आणि बाराजणींपैकी सातजणी निघालो.

आमच्या बदलापूरची एक गंमत सांगते. रुळांच्या ज्या बाजूला आपण ‘पश्चिम’ म्हणतो, ती खरं तर उगवतीची बाजू! त्यामुळे बारवी रस्त्याला लागलो तेव्हा पश्चिमेला जाताना ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. वाटेत उल्हास नदी ओलांडली. डिसेंबरातही पात्राला चांगलं पाणी होतं. याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. मावळातल्या आंद्रा नदीचं पाणी ठोकरवाडी धरणात अडवून भिवपुरीच्या वीजघरात उतरवतात. ते वीजघर टाटांचं, १९२२ पासूनचं. वीज करून झाली की ते पाणी उल्हासमध्ये येतं. म्हणजे एरवी इंद्रायणी, भीमा करत पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं, ते पाणी उन्हाळ्यात आपली नदी जिवंत ठेवतं.

मुळगावच्या खंडोबाचं देऊळ डोंगरावर आहे. पायऱ्या आहेत, वाट चुकायची भीती नाही. पण धाप लागतेच! आमच्यापैकी दोघींनी अर्ध्यावर बसकण मारली. “खंडोबाला इथूनच हात जोडते,” असं एकीनं जाहीरही केलं. मग सगळ्याच बसलो, चिक्की निघाली आणि दहा मिनिटांनी तीच सर्वांत पुढे होती.

वर गेल्यावर भंडारा कपाळाला लावला आणि कठड्याशी उभ्या राहिलो. समोर दूरवर मलंगगड, ताहुली, चंदेरीची रांग. खाली शेतं, त्यातून वळत जाणारं पाणी आणि पलीकडे बदलापूरच्या इमारती. आपलं घर कुठे असेल, यावर वाद झाला. हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहणारी आमची एक मैत्रीण तेवढी गप्प होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले होते, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच दिवशी हिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. “वरून किती गरीब दिसते गं,” ती नदीकडे बघत म्हणाली.

आमच्यात सर्वांत मोठ्या मावशी, साठीला आलेल्या. त्या मात्र पाठ करून उलट्या बाजूला, बारवी धरणाच्या दिशेला बघत उभ्या होत्या. मी विचारलं, “काय दिसतंय?”

“इथनं नाय दिसत. पण तिकडंच माझं माहेर.”

मावशींचा पाडा बारवीच्या पाण्याखाली गेला. धरण १९७२ मधलं, एमआयडीसीनं बांधलेलं. पुढे त्याची उंची वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीइतकं पाणी पहिल्यांदा साठलं. तोंडली, कोळेवाडीकडची घरं तेव्हा पाण्यात गेली. “घरापुढं चिंच होती आमच्या. तुमच्या नळाला येतंय ना पाणी, त्यात ती असंल बघा,” असं म्हणून मावशी हसल्या. मला हसता आलं नाही. पाण्यासाठी हंडे घेऊन काढलेल्या मोर्चांत मी कितीदा पुढे चालले आहे, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत. पण ज्यांच्या जमिनीवर ते पाणी साठतं, त्यांच्यातली एक बाई सहा वर्षं माझ्याच गटात महिन्याची वर्गणी भरते आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नाही.

उतरताना पायऱ्या सोडल्या. गावातल्या एका ताईंनी डोंगराला वळसा घालणारी गुरांची वाट दाखवली, ती गवतातून थेट बारवी नदीकडे आली. धरणातून सोडलेलं पाणी याच नदीनं खाली जातं, जांभूळला उचलून शुद्ध करतात आणि मग उल्हासनगर-अंबरनाथच्या नळांना येतं. मावशींनी चपला काढून पाय बुडवले. आम्हीही काठावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला आणि शेतांच्या बांधावरून पुन्हा गावात आलो. गप्पा धरून सगळं मिळून चार तास लागले.

तुम्हाला जायचं असेल तर थंडीतच जा. पावसाळ्यात इथे काय किंवा कोंडेश्वरच्या कुंडांवर काय, दरवर्षी कुणाचं तरी पोर बुडतं. पाणी वरून शांत दिसतं, पण खाली ओढ असते. पायात बूट घाला; साडी चालते, पण सँडल चालत नाही. आणि एक अडचण वर्तमानपत्रात कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. वर बायकांची सोय असेलच असं धरून चालू नका. आम्ही गावातल्या एका घरी विनंती केली. त्या माउलीनं सोय तर केलीच, वर चहाही पाजला.

परतताना रिक्षात मावशी म्हणाल्या, मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की पाड्याचे ओटे दिसतात म्हणे. त्यांना बघायचेत. मेमधला रविवार ठरलाय. तिथवर जाऊ देतात का, परवानगी कुणाची लागते, हे विचारून ठेवायचं काम माझ्याकडे आहे.