नॅनोसायन्सची एम.एस्सी. आणि रुग्णाचे मूत्रपिंड

२०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ अर्थात म्युकरमायकोसिसची साथ वाढली, तेव्हा नातेवाईक एका इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे त्याचे नाव. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन जुने औषध, पण मूत्रपिंडाला घातक. तेच मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरले की हा धोका बराच कमी होतो. या पिशव्या शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

असे कण घडवणे आणि तपासणे, हा नॅनोसायन्सच्या एम.एस्सी.चा गाभा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र येथे एकत्र येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. आकार घटला की गुणधर्म बदलतात. सोन्याचे नॅनोकण द्रावणात लालसर दिसतात. विषारीपणाही बदलू शकतो, म्हणून सुरक्षिततेच्या चाचण्या शिकणेही तितकेच गरजेचे.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचारा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यांना वापरायला मिळतो का? प्रकल्प कोणत्या प्रयोगशाळेत होतो? मागचे विद्यार्थी आज काय करतात? केवळ ‘नॅनो’ नावावर नोकरी मिळत नाही. संशोधन करायचे तर पुढे पीएच.डी.ची तयारी ठेवावी.

साधे अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त, लायपोसोमल कितीतरी महाग. त्यामुळे गरीब रुग्णाला अनेकदा जुन्यावरच भागवावे लागते आणि आम्ही त्याचे क्रिएटिनिन वारंवार तपासत राहतो. ही किंमत खाली आणणारे हात याच वर्गांतून यावेत.